ओल भिंतीत दिसते, पण पाणी येतं कुठून?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही दारव्हा तालुक्यातले. घर १९९८ चं, विटांचं, वर स्लॅब. मागच्या खोलीत भिंतीला खालून दोन-अडीच फूट ओल आहे, पोपडे निघून राहिले, पांढरा खार फुटते. दोनदा पुट्टी मारली, मागच्या दिवाळीत वॉटरप्रूफ रंग मारला त्यात नऊ हजार गेले आणि श्रावणात पुन्हा तेच. मे महिन्यात जराशी सुकते पण न्हाणीकडचा कोपरा तेव्हाही ओलाच असते. तीन वर्षाआधी बाजूच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, रोडचं पाणी घरात येऊ नये म्हणून आम्ही भिंतीलगत मुरूम टाकून जागा उंच केली. आता मिस्त्री म्हणते आतून चार फूट टाईल्स लावा, विषय संपला. सासूबाईंचा पलंग त्याच खोलीत आहे अन् त्यांना दमा आहे. टाईल्स लावू का?

उत्तर : ताई, टाईल्सचं काम आधी थांबवा. ओल टाईल्सच्या मागे मरत नाही, भिंतीला वाळायला जी जागा होती ती झाकली की पाणी वर सरकते आणि आज अडीच फुटावर असलेली ओल उद्या टाईल्सच्या वर चार फुटावर दिसते. तुमच्या रंगाचं हेच झालं, रंग वाईट नव्हता, तो चुकीच्या बाजूने लावला. आणि आजीचा पलंग आजच्या आज पुढच्या खोलीत हलवा, ओलीवर बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला ती फार त्रास देते, भिंतीचं काम वर्षभर चालेल, तोवर त्यांनी तिथं झोपायचं नाही.

आता कारण. तुमच्या पत्रात मला दोन ओली दिसतात, एक नाही. भिंतीभर सारख्या उंचीचा पट्टा, पावसाळ्यात वाढणारा, खार फुटणारा, ही जमिनीतून चढणारी ओल. पणतीच्या वातीत तेल चढते तसं विटेत पाणी चढते, सोबत मातीतला क्षार आणते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहते आणि तोच प्लास्टर फोडते. पण यवतमाळच्या मे महिन्यात, जिथं ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होते, तिथं एक कोपरा ओला राहत असेल तर ते पावसाचं पाणी नाहीच. ते रोजचं पाणी आहे, म्हणजे न्हाणी नाहीतर नळाचा पाईप.

पहिल्या ओलीचं मूळ मला त्या मुरमात वाटते. जोत्याच्या वर दीड-दोन इंचाची काँक्रीटची पट्टी असते, आपले मिस्त्री तिला डीपीसी म्हणतात, तिचं कामच खालचं पाणी वर जाऊ न देणं. बाहेरची जमीन तिच्यापेक्षा निदान सहा इंच खाली पाहिजे. रोड उंच झाला, तुम्ही मुरूम टाकला, आणि ती पट्टीच मातीत गेली, मग पाणी तिच्या वरूनच विटेत शिरते. हे मी पुस्तकातलं नाही सांगून राहिलो. आमच्या घरी वडिलांच्या खोलीला तीन वर्षं आम्ही रंगच मारत राहिलो, शेवटी बाहेरून खणलं तर पट्टी मुरमाखाली एक वीत गाडलेली, अन् तिच्या वरची वीट अंगठ्याने दाबली तर ओल्या बिस्किटासारखी चुरली. त्या दिवशी वडील काहीच बोलले नाहीत, नुसते विटेकडे पाहत होते.

तर मिस्त्रीला पाण्याची लेव्हल नळी आणायला सांगा, आतल्या फरशीची खूण बाहेर घ्या आणि एक हात जागा खणून पट्टी कुठं आहे ते स्वतः पहा. न्हाणीसाठी रात्री भोकात कापडाचा बोळा घट्ट कोंबा, दोन बोटं पाणी साचवून कोळशाने खूण करा आणि सकाळी पहा, बरंच उतरलं तर फरशीच्या सांध्यातून चाललं समजा. मग आठ-दहा दिवस आंघोळ दुसरीकडे करा, कोपरा उजळला की खात्रीच झाली. नळाच्या पाईपसाठी तोटी नाही, त्या पाईपात पाणी सोडणारा मुख्य कॉक आठ-दहा दिवस बंद ठेवा आणि कोपरा उजळते का ते तसंच पहा.

दुरुस्ती बाहेरून सुरू करा, तीही दिवाळीनंतर. भिंतीलगतचा मुरूम काढून दीड फूट रुंद चर पट्टीच्या सहा इंचाहूनही खाली न्या, पण एकदम पूर्ण भिंत उघडी करू नका, चार-पाच फुटाचा तुकडा खणा, भरा, मग पुढं, आणि पायाच्या खाली तर जाऊच नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दोन वर्षात तडकते, म्हणून खाली मुरूम चांगला धुम्मस करून मग उतार देऊन काँक्रीट, त्याचा माथा पट्टीच्या सहा इंच खालीच राहिला पाहिजे, आणि भिंतीच्या सांध्यात डांबर. उतार नालीकडे पाहिजे. नाली उंच असेल तर चराचं पाणी परसाकडे न्यावं लागेल, नाहीतर तुम्ही भिंतीजवळ एक डबकंच बांधाल. आणि स्लॅबच्या पाण्याचा पाईप भिंतीपाशी सुटत असेल तर तो आजच लांब न्या, याला काही फारसा खर्च नाही. शोषखड्डा मात्र भिंतीपासून दूर, काळ्या मातीत पाणी फार हळू जिरते.

न्हाणीची फरशी उखडून उतारासकट पुन्हा करा, सांधे नीट भरा.

आतून ओलीच्या वर एक फुटापर्यंत प्लास्टर काढून विटा उघड्या ठेवा. खार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतला तर परत आत जाते. नऊ इंची भिंत वाळायला साधारण इंचाला एक महिना धरा. लोकांना इथं धीर राहत नाही, चौथ्या महिन्यात प्लास्टर करतात आणि पैसा जातो. नंतर चुना-रेतीचं प्लास्टर आणि वर चुन्याचा रंग, म्हणजे भिंतीला श्वास राहते. एवढं करूनही पट्टा चढलाच तर फरशीच्या जरा वर, विटांच्या सांध्यात चार-पाच इंचावर बारा एमएमची भोकं पाडून ओल रोखणारं सिलेन-सिलोक्सेन क्रीम भरतात, ते शेवटचं, पहिलं नाही.

प्रश्न : दादा, आमच्या खालच्या खोलीत पहिल्या पावसाच्या दिवसात फरशीवर पाणी येते, भिंत कोरडीच असते. ही ओल कोणती? (वाचक, पुसद)

उत्तर : भाऊ, हा फरशीचा घाम आहे. गार फरशीवर दमट हवा लागली की थेंब धरतात. खात्री करायची तर एक हात प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या वर असले तर हवेचं पाणी, खाली असले तर जमिनीचं. वर असले तर दमट दुपारी खिडक्या बंद ठेवा, पंखा चालू द्या, पाणी टाकून कूलर चालवत असाल तर बंद करा, आणि त्या खोलीत तुरीची पोती असतील तर ती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.