एका फेजवर बड-किआरी ठरत नाही
रिपोर्टमध्ये 'हिपॅटिक व्हेन दिसत नाहीत, बड-किआरीची शंका' असं आलंय (बड-किआरी म्हणजे यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा तुंबण्याचा आजार) आणि सीटी स्कॅन फक्त एकाच फेजचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं द्रव्य) सोडल्यावर ७० व्या सेकंदाचा. एवढ्यावर निदान पक्कं धरायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही धरायचं.

हिपॅटिक व्हेन ही यकृतातून रक्त बाहेर पडायची वाट, त्यामुळे ती सगळ्यांत शेवटी भरते. हृदय कमजोर असेल किंवा सिरॉसिस असेल तर ७० सेकंदांनाही ती रिकामी दिसते आणि गुठळी असल्याचा भास होतो. आधी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा; मग ईजीएफआर (किडनीच्या कामाचा आकडा) बघून ट्रिपल फेज सीटी, म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी घेतलेला स्कॅन.

कोपराच्या शिरेत १८ किंवा २० गेजचा कॅन्युला, ३५० ताकदीचं (मिलिमागे ३५० मिग्रॅ आयोडीन) कॉन्ट्रास्ट वजनाच्या किलोमागे दीड मिलि, वेग सेकंदाला ४ मिलि, मागोमाग ३०-४० मिलि सलाइन. बोलस ट्रॅकिंगचा (कॉन्ट्रास्ट पोचल्यावर स्कॅन सुरू करायच्या पद्धतीचा) आरओआय, म्हणजे मोजणीचं वर्तुळ, पोटातल्या महाधमनीवर ठेवा. १०० ते १५० एचयूला (स्कॅनमधल्या उजळपणाचं एकक) ट्रिगर, तिथून १५-२० सेकंदांनी लेट आर्टेरियल (धमन्यांची फेज). पोर्टल (यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेची फेज) साधारण ७० व्या सेकंदाला, डिलेड (उशिराची फेज) ३ ते ५ मिनिटांनी. रेडिएशन वाचवायला हीच डिलेड गाळली जाते. इथे नेमकी तीच लागते: व्हेन तेव्हाही भरली नाही, तरच शंकेला वजन येतं.

अक्यूट (नव्या) आजारात आधी यकृताचा कॉडेट लोब (मागचा छोटा भाग) आणि मधला भाग उजळतो, कडा काळ्या राहतात. डिलेडमध्ये चित्र उलटतं. कॉडेटच्या बारीक शिरा थेट आयव्हीसीत (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत) उघडतात, म्हणून तो बहुधा वाचतो आणि जुन्या आजारात फुगतो. जुन्या केसमध्ये यकृताच्या आत स्वल्पविरामासारख्या वळलेल्या कोलॅटरल (पर्यायी वाटेच्या) शिराही शोधा.

आयव्हीसी बघताना घाई नको. किडनीच्या शिरांजवळ पायांकडून येणारं कॉन्ट्रास्टविना रक्त मिसळतं, ते हुबेहूब गुठळीसारखं दिसतं. डिलेडमध्ये ते नाहीसं होतं. आयव्हीसीतला पातळ पडदा ॲक्सियल (आडव्या) कापांत निसटतो, तेव्हा पातळ कापांवरून कोरोनल (समोरून दिसणारे उभे) काप काढून बघा. आणि व्हेन रिकाम्या नसून फुगलेल्या असतील, यकृत ठिपकेदार दिसत असेल, तर दोष हृदयाकडे शोधा, इको करा.

परफ्युजन सीटीच्या (रक्तपुरवठा मोजणाऱ्या स्कॅनच्या) मागे लागू नका. त्याच भागाचे वारंवार स्कॅन म्हणजे डोस जास्त, आणि पेशंटचा श्वास हलला की आकडे बिघडले. ड्युअल एनर्जी मशीन (दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारं) असेल तर ४०-५० केईव्हीच्या (कमी ऊर्जेच्या) इमेज मागा, फिकं कॉन्ट्रास्टही उठून दिसतं.

फॉर्मवर नुसतं 'सीटी ॲबडोमेन' लिहू नका. 'ट्रिपल फेज, बड-किआरीची शंका, डिलेड हवीच' असं लिहा, नाहीतर टेक्निशियन नेहमीचाच प्रोटोकॉल लावणार.