नाईफ एजमध्ये रडर मिक्स एका बाजूला बसते, दुसऱ्या बाजूला बिघडते, तेव्हा

आपण विचारले आहे की १.४ मीटर पंखविस्ताराचे आपले बाल्साचे (हलक्या लाकडाचे) रेडिओवर चालणारे इलेक्ट्रिक विमान-मॉडेल नाईफ एजमध्ये, म्हणजे पंख उभे धरून कुशीवर उडताना, रडर (शेपटीचे उभे सुकाणू) देताच सुलटे होऊ पाहते आणि त्याच वेळी चाकांच्या बाजूला ओढले जाते. ती ओढ घालवण्यासाठी आपण रडरवरून एलेव्हेटरला (शेपटीच्या आडव्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीला) ८ टक्के मिक्स दिले, म्हणजे रडरबरोबर एलेव्हेटरही आपोआप थोडा हलेल असे ट्रान्समीटरमध्ये जोडले, तेव्हा डाव्या नाईफ एजमध्ये मॉडेल सरळ चालले, पण उजव्या नाईफ एजमध्ये ओढ पूर्वीपेक्षा वाढली. मॉडेल बांधतानाच वाकडे झाले असावे, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. मला तसे वाटत नाही. एका बाजूच्या मिक्सचे चिन्ह उलटे राहिले आहे, एवढेच बहुधा कारण आहे.

हे का होते ते आरशाच्या दाखल्याने लवकर समजते. मॉडेलसमोर आरसा धरला आहे अशी कल्पना करा. डावा रडर आरशात उजवा दिसेल आणि डावीकडचा रोल (लांबीच्या अक्षाभोवतीचे कलणे) उजवीकडचा दिसेल, पण चाकांकडे जाणारी ओढ आरशातही चाकांकडेच जाताना दिसेल. म्हणून रडरमुळे येणारा रोल बाजूबरोबर दिशा बदलतो, तर पिचमधली (नाकाच्या वर-खाली हालचालीतली) ओढ दोन्ही बाजूंना एकाच दिशेची राहते. आपल्या मॉडेलला डाव्या आणि उजव्या, दोन्ही रडरला एलेव्हेटर वरच जायला हवा. ट्रान्समीटरमधले साधे मिक्स मात्र स्टिक एका बाजूला नेली की एलेव्हेटर वर आणि दुसऱ्या बाजूला नेली की खाली नेते. मिक्सच्या पानावर दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे भरण्याची सोय असते. तेथे एका आकड्याचे चिन्ह बदला. मग मोटरचा प्रोपेलर काढून ठेवा, मॉडेलच्या मागे उभे राहा, रडरची स्टिक दोन्ही टोकांना न्या आणि एलेव्हेटर दोन्ही वेळा वर जातो हे डोळ्यांनी पाहा. एलेरॉनचे (पंखांच्या मागच्या कडेच्या, रोल देणाऱ्या पट्ट्यांचे) याउलट आहे: डाव्या रडरला उजवा एलेरॉन वर आणि उजव्या रडरला डावा एलेरॉन वर, असे ते मिक्स उलटसुलटच हवे.

चिन्ह बदलल्यावर लगेच आकड्यांच्या मागे लागू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. देवगडजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) मी गेली १८ वर्षे मॉडेल उडवतो, आणि पहिल्या मोठ्या मॉडेलमध्ये मी हीच घाई केली होती. ते नाईफ एजमध्ये कॅनोपीकडे, म्हणजे पाठीवरच्या काचेच्या बाजूला, ओढत असे. खरे म्हणजे त्याचे नाक जड होते, त्यामुळे सरळ उडण्यासाठी एलेव्हेटरला कायम वरचा ट्रिम (स्टिक सोडली तरी टिकणारा थोडा कल) द्यावा लागत होता, आणि पंखांची उचल थांबताच तोच ट्रिम मॉडेलला कॅनोपीकडे खेचत होता. मी ते न तपासता १२ टक्के मिक्स देऊन ओढ झाकून टाकली. काही महिन्यांनी हलकी बॅटरी बसवली, सीजी (गुरुत्वमध्य) मागे सरकला, वरचा ट्रिम काढावा लागला, आणि मिक्स तेवढे जागच्या जागी राहिले. कमी उंचीवरच्या पहिल्याच नाईफ एजमध्ये मॉडेल चाकांच्या बाजूला वळले आणि सड्याच्या कडेच्या कलमांच्या बागेत गेले.

आपली ओढ चाकांकडे आहे, म्हणजे आपण तपासायचे ते याच्या उलट: सीजी फार मागे आहे का आणि एलेव्हेटरला खालचा ट्रिम आहे का. मॉडेल ४५ अंशांच्या चढत्या रेषेत न्या, उलटे करा आणि एलेव्हेटरची स्टिक सोडा. रेषा जरा वेळ टिकून नाक सावकाश खाली आले, तर सीजी ठीक आहे. ते चटकन जमिनीकडे झुकले तर नाक जड आहे. उलटे असूनही आपणहून आणखी चढू लागले तर शेपूट जड आहे. शेपूट जड निघाल्यास बॅटरी एका वेळी ३ ते ४ मिलिमीटर पुढे सरकवा, ट्रिम नव्याने घ्या आणि मगच नाईफ एज पाहा. पुष्कळदा निम्मी ओढ येथेच जाते. आपल्या मॉडेलच्या पंखाचा धडाशी असलेला कोन बदलता येत असेल, तर तो किंचित कमी केल्यानेही चाकांकडची ओढ कमी होते, पण सीजी जागेवर येईपर्यंत त्याला हात लावू नका.

रोलचे कारण बहुतेक वेळा डायहेड्रलमध्ये, म्हणजे पंखांची टोके मुळापेक्षा उंच असण्यात, असते. नाक डावीकडे वळले की उजवा पंख वाऱ्याला सामोरा येतो, डायहेड्रलमुळे त्याचा हल्ल्याचा कोन (वारा पंखाला ज्या कोनात भिडतो तो) वाढतो, आणि मॉडेल रडरच्याच दिशेने रोल होते. नाईफ एजमध्ये रडर नेहमी वरच्या बाजूचा दिलेला असतो, म्हणून ते सुलटे होऊ पाहते. नळीवर बसणाऱ्या पंखाचे डायहेड्रल नंतर बदलता येत नाही, त्यामुळे रोलसाठी मिक्स वापरण्यात मला काहीही गैर वाटत नाही. एफ३ए या हवाई कसरतींच्या स्पर्धेची मॉडेल, ज्यांना २ मीटर लांबी-रुंदी आणि ५ किलो वजनाची मर्यादा असते, त्यांच्यावर कॅनोपीमागे कॅनलायझर नावाचा छोटा आडवा पंख याच तऱ्हेच्या दोषांसाठी बसवलेला दिसतो. आपल्या आकाराच्या मॉडेलला एलेरॉनचे मिक्स पुरते.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. पावसाळाभर माळ्यावर राहिलेले बाल्साचे मॉडेल दमटपणाने किंचित पीळ घेते, आवरणाची फिल्म सैल पडते, आणि रडरच्या ओढतारा खाऱ्या हवेने गंजून ढिल्या होतात. ढिल्या तारेचा रडर एका बाजूला कमी फिरतो, आणि मग दोन्ही बाजूंचे आकडे कितीही बदलले तरी जुळत नाहीत. म्हणून गणपतीनंतर पहिल्या उड्डाणाआधी पंख आणि शेपटीचा पीळ पाहा, तारा ताणून घ्या, गंज दिसल्यास बदला, बॉल लिंक (तारेच्या टोकाचा गोल सांधा) हलवून ढिलाई तपासा आणि रडर दोन्हीकडे सारखाच फिरतो हे कोनमापकाने मोजा.

उड्डाणाची वेळ मी सूर्योदयापासून सकाळी साधारण ९ पर्यंतची धरतो. तोवर जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. दुपारचा खारा वारा सुटल्यावर केलेली ट्रिमिंग मी मोजत नाही. कड्याच्या कडेशीही चाचणी करू नये, कारण समुद्रावरचा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि तेथे मॉडेल खोटेच वागते. वाऱ्याच्या रेषेत, आपल्यापासून सरळ दूर जाताना नाईफ एज धरा. मग पिचची ओढ डावी-उजवीकडे सरकण्यातून स्वच्छ दिसते. बाजूने वारा असेल तर नुसते वाहून जाणेही ओढीसारखेच भासते. थ्रॉटल दर वेळी एकाच खुणेवर ठेवा, उंची भरपूर ठेवा, आणि सहाय्यकाला ‘चाकांकडे’ किंवा ‘कॅनोपीकडे’ एवढेच मोठ्याने सांगून लिहून घ्यायला सांगा.

आधी एलेरॉनचे मिक्स बसवा, कारण पंख उभे राहिले नाहीत तर पिचचा अंदाजच येत नाही. ३ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि एका उड्डाणात एकच आकडा बदला. दोन्ही बाजूंचे आकडे थोडे वेगळे आले तर चिंता नको. प्रोपेलरचा फिरता झोत शेपटीवर दोन्हीकडे सारखा पडत नाही. एलेव्हेटरसाठी मात्र सरळ रेषेऐवजी पाच बिंदूंचा कर्व्ह (स्टिकच्या पाच जागांना वेगवेगळे आकडे) घ्या. रोल साधारण रडरच्या प्रमाणात वाढतो, पण पिचची ओढ थोड्या रडरला जवळजवळ नसते आणि पुढे झपाट्याने वाढते. मधला बिंदू शून्यावर ठेवा; टोकाला ८ लागत असतील तर अर्ध्या स्टिकवर २ पासून चाचणी सुरू करा. मिक्सला रडरचा ट्रिम जोडण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. रडरचा रेट (तो जास्तीत जास्त किती फिरतो ते) नंतर बदललात तर हे सारे पुन्हा तपासावे लागेल.

मिक्स फ्लाइट मोडच्या स्विचवर असू द्या. स्नॅप (झटक्याची गिरकी) आणि स्पिन (गिरक्या घेत खाली येणे) यांमध्ये रडरने रोल द्यावा हीच अपेक्षा असते, तेथे एलेरॉनचे मिक्स उलट काम करते. उतरतानाही ते बंद असावे, कारण आडव्या वाऱ्यात रडर देताच एलेव्हेटर आपोआप वर गेला तर जमिनीलगत वेग घटतो. आपल्याकडे दुपारी उतरताना वारा बहुतेक वेळा आडवाच मिळतो, तेव्हा शेवटच्या वळणाआधी स्विच पाहण्याची सवय आतापासूनच लावून घ्या. रविवारच्या उड्डाणांनंतर सीजीची नवी जागा आणि दोन्ही बाजूंचे आकडे कळवलेत, तर कर्व्हचे पुढचे बिंदू आपण मिळून ठरवू.