थैलीला बावन्नने गुणलं की असं होतं

चर्च चालवणं हा फायद्याचा धंदा होऊ शकतो का, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न माझ्या मेहुण्याने मला एका नाताळच्या संध्याकाळी विचारला होता आणि मी नको तो आकडा बोलून गेलो होतो. म्हणून एवढं लिहितोय.

नऊ वर्षं मी आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या लहान प्रोटेस्टंट चर्चचा, खजिनदार होतो. उपासना संपली की मागच्या खोलीत मी आणि दोन पंच दानाच्या थैल्या टेबलावर उलट्या करायचो. नोटा सरळ करायच्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, चिल्लरीचे ढीग वेगळे, मग वहीत तिघांच्या सह्या. मागच्या बाकांवरून फिरलेली थैली नेहमी जड लागायची, पण ती नाण्यांनी. चार घड्या घातलेली ओलसर नोट उलगडायला लागली की ती कुणाच्या मुठीतून आलीय हे न सांगता कळायचं. बायबलमधल्या गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, मी फक्त प्रवचनात ऐकलेल्या नाहीत, दर रविवारी मोजल्यात.

त्या नाताळला थैली भरभरून आली. वर्षभर न फिरकणारेही त्या दिवशी येतात आणि मोकळ्या हाताने टाकतात. जेवताना मी सहज आकडा सांगितला. मेहुण्याने मोबाइलवर त्याला बावन्नने गुणलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "दाजी, बघा!" मी म्हटलं, फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारचा आकडा घे आणि त्याला गुण. त्यातून पाळकांचा (पास्टरांचा) पगार, वीजबिल आणि गळणारं छप्पर वजा कर. हे त्याने ऐकलंच नाही.

तो मला ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चचे व्हिडिओ दाखवायचा. बास्केटबॉलचं जुनं स्टेडियम, 16,000 खुर्च्या, 2010 मध्ये शहराकडून 75 लाख डॉलरला विकत घेतलेलं. पण तिथले पाळक जोएल ऑस्टिन चर्चकडून पगार घेत नाहीत, आपली कमाई पुस्तकांची आहे असं ते स्वतः सांगतात, म्हणजे त्यांचा स्वतःचा पैसा पुस्तकांच्या दुकानातून येतो, हे त्याला दिसत नव्हतं. मी त्याला कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टल कॅथेड्रलची गोष्ट सांगितली. रॉबर्ट शुलर यांनी 1955 मध्ये ड्राइव्ह-इन थिएटरच्या आवारात सुरुवात केली, पुढे काचेचं भव्य चर्च बांधलं, टीव्हीवर नाव झालं, आणि 2010 मध्ये चर्चने दिवाळखोरीचा अर्ज केला. इमारत 5 कोटी 75 लाख डॉलरला कॅथलिक धर्मप्रांताने घेतली. "ते त्यांचं नशीब," इति मेहुणा.

चार महिन्यांत त्याने स्वतःचं चर्च काढायला नोकरी सोडली, हॉल भाड्याने घेतला, साउंड आणि कीबोर्ड हप्त्यांवर. पहिल्या रविवारी साठ माणसं होती. त्यातले निम्मे आम्ही नातेवाईक, सासूबाई पहिल्या रांगेत. थैली जाड झाली, कारण ती आम्हीच भरली होती. नातेवाईक पांगल्यावर चाळीस उरले, त्यात कमावणारे दहा, आणि दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देणारी घरं दोन. दशमांश द्या म्हणणाऱ्या बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकावरची प्रवचनं ऐकून लोक आमेन म्हणतात, पाकीट उघडत नाहीत.

आणि अशा नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या छोट्या चर्चमध्ये, येतं कोण? ज्याचा मुलगा बेकार आहे, जिच्या नवऱ्याला दारू सुटत नाही, ज्याचं कुणी दवाखान्यात पडलंय. ज्यांना तो गिऱ्हाईक समजत होता ते अडलेले लोक होते. रात्री दोनला फोन आला की जायचं, आणि औषधाचे पैसेही आपणच द्यायचे. चौदाव्या महिन्यात हॉलमालकाने कुलूप बदललं.

आजही घरच्या कुठल्याही कार्यात तो सगळ्यांसमोर ऐकवतो की दाजींनी आपल्या मंडळीतली दहा घरं पाठवली असती तर मी टिकलो असतो. दहा नव्हे, दोन घरांनी मला विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, आहात तिथेच राहा. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. एक मंडळी फोडून दुसरी उभी करणं याला मी सेवा म्हणत नाही, आणि धंदा म्हणून बघितलं तरी तो शेजाऱ्याचा माल उचलून आपलं दुकान मांडण्याचाच प्रकार झाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवंच असेल तर, हो, पैसा होतो. पण तो चर्चला होत नाही, माणसाला होतो, आणि तोही प्रवचन करणारा आणि तिजोरीची किल्ली ठेवणारा एकच असेल तिथे. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी जे विवरणपत्र भरावं लागतं त्यातून चर्चला सूट आहे, त्यामुळे झाकून ठेवणं सोपं जातं. टीव्हीवर प्रवचनं करणाऱ्या जिम बेकरने आपल्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी मुक्कामाचा हक्क देणारी 'आजीवन भागीदारी' हजार-हजार डॉलरला, तिथे राहण्याची जागा होती त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना विकली. 1989 मध्ये 45 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये जवळपास 5 कोटी सिंगापूर डॉलरच्या अफरातफरीत 2015 मध्ये सहा जण दोषी ठरले. त्यातले बरेच पैसे पाळकाच्या बायकोच्या पॉप गाण्यांवर गेले होते. तुम्ही 'फायदा' म्हणताना यातलं काही मनात धरून असाल तर माझ्याकडे सल्ला नाही.

एक सांगायचं राहिलं. मी लहान प्रोटेस्टंट मंडळीच जवळून पाहिली. कॅथलिक पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार बिशपच्या हाताखाली चालतो, आणि जर्मनीत तर सरकारच चर्चसाठी आयकराच्या 8 किंवा 9 टक्के कर गोळा करून देतं. तिथलं गणित वेगळं. आणि स्वतंत्र मंडळी चालवणारे सगळेच लबाड नसतात, बायबलमधला पौल पोटासाठी तंबू शिवायचा तसे दिवसा नोकरी करून सेवा करणारे पुष्कळ आहेत. मेहुणाही लबाड नव्हता. आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायला लागला की त्याचा आवाज खरा लागायचा. चुकलं ते गुणाकारात.

कीबोर्डचे उरलेले हप्ते मी भरले. आता तो कीबोर्ड आमच्याच मंडळीत असतो, दर रविवारी मेहुणाच वाजवतो. उपासनेनंतर थैली मोजायला चल म्हटलं की वायरी गुंडाळत बसतो.