इटालियन प्रौढांसाठी मानसिक सुस्थितीची प्रश्नावली तपासताना
अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांच्या मानसिक सुस्थिती मोजणाऱ्या 14 प्रश्नांच्या प्रश्नावलीची इटालियन आवृत्ती तुम्ही तपासणार असाल, तर क्रोनबाख आल्फा (प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) चांगला आला एवढ्यावर थांबू नका. त्यातील 3 प्रश्न भावनिक, 5 सामाजिक आणि 6 मानसशास्त्रीय सुस्थितीचे असल्यामुळे ही त्रिघटक रचना पुष्टीकारक घटक विश्लेषणाने, म्हणजे आधी गृहीत धरलेली रचना मिळालेल्या उत्तरांशी जुळते का हे पाहणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने, पडताळावी लागते. सामाजिक प्रश्नांना अधिक वेळ द्या, कारण समाजाच्या कारभाराविषयीचे उत्तर उत्तरेकडील मिलानमध्ये आणि दक्षिणेकडील नेपल्समध्ये निरनिराळ्या अनुभवांतून येऊ शकते. म्हणून प्रदेश, लिंग व वयोगट यांनुसार मापनाची समतुल्यता (म्हणजे प्रश्नावली प्रत्येक गटात तीच गोष्ट त्याच पद्धतीने मोजते हे) सिद्ध झाल्याशिवाय गटांच्या सरासरींची तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे. नमुना केवळ विद्यार्थ्यांचा नसावा. नैराश्याच्या मापनाशी ऋण सहसंबंध (एक वाढले की दुसरे घटणे) अपेक्षितच आहे, पण तो फार प्रबळ निघाला, तर प्रश्नावली सुस्थितीऐवजी आजाराचा अभावच मोजते आहे का, हे तपासा.