गो ऑफ : गजर वाजला का बंद पडला?

मागच्या वेळी लिहिलं होतं की इंग्रजीतलं जे क्रियापद सर्वात सोपं वाटते तेच ऐन वेळी दगा देते. त्यावर बरेच प्रश्न आले, अन् अर्धे तर एकट्या 'गो ऑफ'वरच, म्हणून आज तेच घेतो.

प्रश्न (दारव्हा, बारावीची विद्यार्थिनी): सर, 'द अलार्म वेंट ऑफ ॲट टू' याचं मी 'दोन वाजता गजर बंद झाला' असं लिहिलं तर चूक दिली. ऑफ म्हणजे बंदच ना?

बेटा, तुझं डोकं बरोबर चाललं, फक्त तू पंख्याच्या बटणापासून सुरुवात केली तिथं घोळ झाला. विजेची बटणं आली एकोणिसाव्या शतकात, ऑफ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. मुळात हा ऑफ अन् 'चा-ची-चे'वाला ऑव्ह एकच शब्द होता, अर्थ 'दूर, सुटून'. सोळाव्या शतकात इंग्रज बंदुकीला 'वेंट ऑफ' म्हणायचे, म्हणजे बंदूक सुटली.

आता गजराचं पाहा. आमच्या घरी चावीचं घड्याळ होतं, वर दोन वाट्या, मधात बारीक हातोडी, मागे एक चावी घड्याळाची अन् एक गजराची. थ्री फेज लाईन रात्रीची यायची अन् वावरात ओलिताला जायचं असायचं, म्हणून बाबा गजराची चावी भरून ते घड्याळ जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) रिकाम्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवायचे, आवाज मोठा व्हावा म्हणून, अन् दोन वाजता तो गंज असा खणखणायचा की शेजारचं कुत्रंही भुंकायला लागायचं. एकदा मी वाकून पाहिलं तर वाजताना मागची चावी आपोआप उलटी फिरत होती! म्हणजे रात्रभर दाबून धरलेली स्प्रिंग खटका सरकल्याबरोबर सुटली, बंदुकीसारखीच. म्हणून वेंट ऑफ म्हणजे वाजला. बाबा हात घालून बंद करायचे ते 'टर्न्ड ऑफ'. तुझा मार्क गेला तो बरोबरच गेला.

तर गो ऑफ दिसलं की पहिले 'सुटणे' लावून पाहायचं, बऱ्याच ठिकाणी बसते.

प्रश्न (मोर्शी, दूधवाले काका): लेकाच्या मोबाइलवर लंडनची एक बाई स्वयंपाक करता करता म्हणे 'द मिल्क हॅज गॉन ऑफ'. दूध गेलं कुठं?

कुठं नाही गेलं काका, नासलं. वास सुटला म्हणा. हे ब्रिटिश बोलणं आहे, अमेरिकावाले 'गॉन बॅड' म्हणतात. अन् तीच बाई 'आय हॅव गॉन ऑफ टी' म्हणाली तर चहा नासला असं समजू नका, तिचं चहावरचं मन उडालं.

प्रश्न (वाशीम, भरतीची तयारी करणारा): रानडुकरं हाकलायला शेतकऱ्याने सुतळी बॉम्ब फोडला, याचं 'द बॉम्ब वॉज गॉन ऑफ बाय द फार्मर' चालते का?

नाही चालत भाऊ. फुटण्याच्या अर्थाने गो ऑफला कर्मच नसते तर पॅसिव्ह कशाचं करणार? मराठीत फुटणे वेगळं, फोडणे वेगळं. फुटला तो 'वेंट ऑफ', फोडला तो 'सेट ऑफ'. म्हणून 'द बॉम्ब वॉज सेट ऑफ बाय द फार्मर' लिहा. हातातच फुटला तर मात्र 'इट वेंट ऑफ इन हिज हँड', अन् हे आमच्या गावात झालेलं आहे, तर वात लांब ठेवत जा.

प्रश्न (राळेगाव, शिक्षिका): 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाईन गेली. इथं तुमचं 'सुटणे' कसं बसते?

नाही बसत मॅडम, पकडलं तुम्ही. इथं साधं 'जाणे'च, इंग्रजांचीही लाईन जातेच. मुलांना सांगा, कर्ता पाहा. वाजणारी-फुटणारी वस्तू असली तर सुरू होते, दिवा नाहीतर हीटर असला तर बंद होते, अन् माणूस असला तर 'ही वेंट ऑफ टू नागपूर' म्हणजे निघून गेला. 'शी वेंट ऑफ ऑन हिम' म्हणजे तिचं तोंड सुटलं, त्याच्यावर. लग्न 'वेंट ऑफ वेल' म्हणजे नीट पार पडलं. वर्गात पहिले फळ्यावर 'लागणे' लिहा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागते, एसटी फलाटावर लागते. हे आपण कोणी यादी करून शिकलो नाही. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने तर 1755च्या त्याच्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच कबूल केलं की परक्या माणसाला सर्वात जड जातात ती हीच जोडक्रियापदं, म्हणजे पोरांना फार रागावू नका.

प्रश्न (दिग्रस, पालक): गोचं वेंट काऊन होते? सातवीतला पोरगा 'गोएड' लिहिते.

वेंट हा 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो गोने उचलला अन् परत दिलाच नाही. आपलंही तसंच, 'जातो' आला संस्कृतच्या या धातूतून अन् 'गेला' आला गम् मधून. लहान असताना तुमचा पोरगा 'बाबा वावरात जाला' म्हणतच असेल, आठवून पाहा.