टायर गार होतं

आधी आई आली. खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यांनी विचारलं, “मॅडम, गाडी विकून टाकली की पोरगा बरा होईल का?”

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे या ना त्या रूपात नेहमी येतो. कधी स्कूटरवरून पडलेल्या मुलीचा बाप विचारतो, कधी कार ठोकलेल्या नवऱ्याची बायको. हाड जुळलं, टाके निघाले, डॉक्टरांनी “आता फिरा” म्हटलं, तरी माणूस घरातच. मग घरच्यांना वाटतं, ते कारणच नाहीसं करावं.

इथला मुलगा एकोणतीस वर्षांचा, चाकणच्या कारखान्यात नोकरीला. (त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) रस्त्यावर वेडीवाकडी बाईक हाणणाऱ्यातला नाही. वेगाची हौस भागवायची तर ट्रॅकवर, पूर्ण लेदर सूट घालून, या मताचा. आपल्याकडे असे ट्रॅक मोजकेच: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. त्यातल्या एका ठिकाणी, पुण्यापासून हजारावर किलोमीटरवर, ट्रॅक डेला तो पडला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, सकाळी ब्रीफिंग ऐकायचं आणि ठरलेल्या वेळात गटागटाने गाडी चालवायची. डावं कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली. तीन महिन्यांत हाड छान जुळलं.

पण हा कंपनीच्या बसने जायचा, यायचा आणि खोलीत शिरायचा. मित्र आले की आईला सांगायचा, झोपलाय म्हण. रात्री दचकून उठायचा. आईने बाईकची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली होती, आणि त्याने ती एकदाही मागितली नव्हती. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

मी त्यांना म्हटलं, गाडी त्याच्या नावावर आहे, ती विकायची की ठेवायची हे तोच ठरवेल, आणि घाबरलेला असताना तर त्यानेही ठरवू नये. त्याला यावंसं वाटलं तर येऊ दे. किल्ली मात्र डब्यातून काढा.

“राहू दे की तिथंच,” त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी तो आला. मी आधी डोक्याचं विचारलं. पडल्यावर डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, उजेड सहन न होणं, असं काही आहे का? हेल्मेट असलं तरी मेंदूला हिसका बसू शकतो, आणि ते सगळं “मनाचं आहे” म्हणून माझ्या खुर्चीत येऊन बसतं. तशी शंका असली की आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. त्याची तपासणी झालेली होती, त्यात काही निघालं नव्हतं.

आमचं बोलणं चालू असताना वरच्या मजल्यावर, जिथे शिकवणी चालते, कुणीतरी लोखंडी बाक फरशीवरून ओढला. खर्रर्र असा लांबलचक आवाज. त्याचा उजवा हात झटकन डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. बोलणं अर्ध्यात तुटलं. कपाळावर घाम.

“असाच आवाज होता,” तो म्हणाला. “गाडी घासत जातानाचा. मी पण तिच्या मागे घासतच चाललो होतो.”

हे कमकुवतपणाचं लक्षण नव्हे. त्या क्षणी कानावर जे पडलं ते शरीराने धोक्याची खूण म्हणून टिपून ठेवलं. ही खूण आता खोटी आहे हे शरीराला सांगून पटत नाही, पुन्हापुन्हा अनुभवून पटतं. आणि गोची अशी की टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. पहिला महिनाभर असं होणं स्वाभाविक असतं, बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटून गेला, स्वप्नं, दचकणं, टाळणं तसंच आहे, कामावर परिणाम होतोय, झोपेसाठी दारू लागतेय, तर मात्र वाट बघू नये.

आम्ही पायऱ्या लिहायला घेतल्या. जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतून आलेली जुनी वाट आहे: ज्या गोष्टी टाळतोस त्यांची यादी कर, प्रत्येकीला भीतीचा आकडा दे, ० ते १००, आणि खालून चढायला लाग. त्याने लिहिलं: हेल्मेट हातात घेणं ३०. गाडीवर बसणं ४५. इंजिन चालू करणं ६०. सोसायटीला एक फेरी ७०. आणि सगळ्यात वर, गॅरेजच्या गल्लीत जाणं, ८५.

इथे मी पेन खाली ठेवलं. गॅरेज म्हणजे त्यांच्या बाईकवाल्या ग्रुपचा अड्डा. रविवारी ताम्हिणीला जायचं तर पहाटे जमायचं ते तिथे, चहा तिथे, भांडणं तिथे. गाडी चालवण्यापेक्षा मित्रांना भेटायला जाणं जास्त भीतीचं?

तसा हा ग्रुप मायेचा. टेम्पो ठरवून त्यांनी गाडी पुण्याला आणली. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, ट्रॅकवर पडलात की दुरुस्ती बहुधा आपल्याच खिशातून. हे ठाऊक असल्याने त्यांनी वर्गणी काढून पाकीट घरी नेऊन दिलं. त्याने ते रागाने परत केलं. रोज कुणी ना कुणी मेसेज करायचं: “वाघ आहेस तू”, “पुढच्या ट्रॅक डेला तुझी जागा धरून ठेवलीय.”

“चांगलंच बोलतात की,” मी म्हटलं.

बराच वेळ तो हातातली बाटली फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी त्यांना खोटं सांगितलंय.”

सगळ्यांना त्याने सांगितलं होतं की पुढच्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, सांडलं होतं, त्यावरून घसरलो. खरं वेगळंच होतं. चहाच्या सुट्टीनंतर टायर गार झालेलं. दुसऱ्याच लॅपला, वळणातून बाहेर पडताना त्याने घाईने थ्रॉटल पिळला. मागचं चाक सुटलं, मग एकदम पकडलं आणि गाडीने त्याला वर भिरकावलं. याला हायसाइड म्हणतात, आता मलाही कळतं. बाहेर ऊन असताना टायर गार कसं, असं मी भाबडेपणाने विचारलं. टायरला हवी असते ती ऊब उन्हाने येत नाही, वॉर्मरने (टायरवर गुंडाळायचं तापतं वेष्टन) किंवा फिरण्याने येते, असं त्याने समजावलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा जागा दिसला.

म्हणजे तीन महिने तो नुसता घाबरला नव्हता, लपला होता. “वाघ आहेस” हे वाक्य त्याला रोज बोचत होतं, कारण वाघाने कूलंटची थाप मारली होती. पाकीट परत गेलं तेही त्यामुळेच. खोट्या अपघाताचे खरे पैसे कसे घेणार?

भीतीच्या पायऱ्या तो बऱ्यापैकी चढला. आईने किल्ली काढून दिली, तिला एक तांदूळ चिकटलेला होता म्हणे. बंद गाडीवर रोज वीस मिनिटं बसणं, आकडा निम्म्यावर येईपर्यंत न उठणं, मग इंजिन. लोखंड घासल्याचा आवाज मोबाइलवर ऐकायचा, आधी हळू, मग मोठ्याने. पाच आठवडे गेले. गल्लीचा आकडा मात्र ८५ वरून हलेना. मी ढकललं नाही. सांग असंही म्हटलं नाही, फक्त विचारलं, न सांगण्याची किंमत महिन्याला किती पडतेय.

एका रविवारी तो चालत गेला आणि चहा येण्याआधीच बोलून मोकळा झाला. कुणीच काही बोलेना. मग ज्यांना सगळे काका म्हणतात ते मेकॅनिक हात पुसत म्हणाले, “गाडी धुतली कोणी? मीच ना. कूलंट असतं तर खाली चिकटलेलं सापडलं असतं. आणि कूलंट सांडल्यावर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा निघतो. आम्ही काय तिथे झोपलो होतो?”

सगळ्यांना माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल, असं ठरवून ते गप्प बसले होते. मला हे ऐकून थोडा रागच आला होता. इतकी माया, तर एकाने तरी त्याला सोडवायचं ना. पण मी समुपदेशक आहे, त्या गल्लीतली नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर तो ग्रुपपासून कायमचा तुटला असता, हेही शक्य आहे.

ग्रुपवाल्यांना एकच सांगणं आहे. “लवकर परत ये” यात प्रेम असतं, तशी मुदतही असते. त्यापेक्षा गाडी चालवण्याशी बांधलेलं नसलेलं एखादं काम द्या. काकांनी तेच केलं. पुढच्या ट्रॅक डेला त्याला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, उभं केलं: नव्या मुलांना वॉर्मर लावून द्यायचे, बाहेर सोडण्याआधी टायरला तळहात लावून बघायचं आणि पहिले दोन लॅप हळू जा म्हणून सांगायचं. का हळू, हे विचारलं की स्वतःचा किस्सा सांगायचा, कूलंटशिवाय.

तो स्वतः अजून ट्रॅकवर उतरलेला नाही. उतरेल की नाही, त्यालाही माहीत नाही. ऑफिसला जुन्या १२५ सीसीवर जातो, मोठी गाडी तडकलेल्या फेअरिंगसह (बाहेरचं आवरण) गॅरेजमध्ये उभी आहे. जवळपास समुपदेशक नसेल, किंवा रात्री अडीचला जीव नकोसा झाला असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मी त्याच्या आईलाही दिला होता.

परवा त्यांचा फोन आला. किल्ली आता दाराशेजारी खिळ्याला असते.

“पण मॅडम,” त्यांनी आवाज बारीक करून विचारलं, “हे टायरला हात लावून बघायचं काम आहे ना, त्याचे पैसे देतात का हो?”