पिशवीभर बंद पाकिटं

"ताई, न्यू जर्सीत फोरक्लोजर पुन्हा वाढलंय अशी बातमी आहे. आमचे काही हप्ते थकलेत. आता घर कधी जाणार?"

हा प्रश्न मला वरचेवर येतो. अमेरिकेत फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकले म्हणून सावकाराने, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेने वा कंपनीने, घर जप्त करून लिलावात काढणं. आवाज बहुतेक वेळा दबका असतो आणि फोन घरातून नाही, पार्किंगमधल्या गाडीतून केलेला असतो. गृहकर्जाच्या अडचणीत सापडलेल्या कुटुंबांबरोबर मी मध्य न्यू जर्सीत काम करते. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हुडची, मान्यता असलेल्या संस्थांमध्ये हा सल्ला मोफत मिळतो. बातमीतल्या आकड्यावरून स्वतःच्या घराचं भविष्य काढणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की या प्रश्नाचं उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातूनच द्यावंसं वाटतं. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

५ एप्रिल २०२४ ला, शुक्रवारी सकाळी, न्यू जर्सीत ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी, पाडवा तीन दिवसांवर असताना, चाळिशीच्या आतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. मूळचे साताऱ्याचे, आयटीतले. हातात गावाकडच्या कापड दुकानाची पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

"काल घर हललं ना ताई, तेव्हा बायको मुलीला घेऊन बाहेर पळाली. मी आतच उभा राहिलो. मनात आलं, पडलंच तर निदान कुणाला काही सांगावं तरी लागणार नाही."

अशा वाक्यावर मी कागदांकडे वळत नाही. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, असं मी त्यांना सरळ विचारलं. नाही म्हणाले, फक्त झोप लागत नाही. ९८८ हा संकटकाळचा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला आणि मगच बोलायला लागलो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ले-ऑफ झाला होता. एच-वन व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. त्यांना ५२ व्या दिवशी मिळाली, पण बरीच कमी पगाराची. बायकोच्या वर्क परमिटचं नूतनीकरण अडकलेलं, त्यामुळे तिचा पगार बंद. आधी क्रेडिट कार्डं भरली, कारण ते लोक रोज फोन करत. मॉर्गेजवाले नुसती पत्रं पाठवत. ऑक्टोबरपासून हप्ता गेला नव्हता. नोकरी गेल्याचं बायकोला माहीत होतं, हप्ते थकल्याचं नव्हतं.

त्यांनी फोन काढून मला एक नकाशा दाखवला. न्यू जर्सीच्या २१ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, फोरक्लोजरच्या प्रमाणानुसार रंगवलेल्या. दक्षिणेकडच्या कंबरलंड, अटलांटिक, सेलम गडद. त्यांची मिडलसेक्स फिकट. "आपल्याकडे कमी आहे, म्हणजे आपल्याला धोका कमी ना?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, बरोबर उलटा: "डॅलसचा मित्र म्हणतो, तीन आठवड्यांत लिलाव होतो. खरं का?"

मित्र खोटं सांगत नव्हता, पण तो टेक्सासचं सांगत होता. तिथे बहुतेक प्रकरणं कोर्टाची पायरी न चढताच उरकतात. चूक सुधारायला निदान २० दिवस, मग २१ दिवसांची नोटीस आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव. न्यू जर्सीत सावकाराला कोर्टात दावा लावावा लागतो. दाव्याआधी निदान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, निकाल मिळवावा लागतो आणि मगच काउंटीचा शेरीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, लिलाव पुकारतो. यात वर्षाहून जास्त काळ जाणं नवलाचं नाही. एका राज्याचा सल्ला दुसऱ्या राज्यात वापरू नका, हे मी अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराला ओरडून सांगेन.

आकड्यांचंही तसंच. फोरक्लोजर वाढलं असं बातमीत येतं तेव्हा त्या एका शब्दात बहुधा तीन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात: नवे दावे किंवा नोटिसा, ठरलेले लिलाव आणि सावकाराने ताब्यात घेतलेली घरं. पहिल्या पायरीवरची असंख्य घरं तिसरीपर्यंत जात नाहीत. शिवाय जिथे काम संथ, तिथे जुनी प्रकरणं साचून राहतात. २०१० च्या डिसेंबरात सावकारांच्या कागदपत्रांतले घोळ बाहेर आल्यावर राज्याच्या कोर्टांनी सहा मोठ्या सावकारांना, तुमची प्रकरणं का थोपवू नयेत, असा जाब विचारला होता. प्रकरणं रखडली आणि साठा झाला. तो साठा पुढे वर्षानुवर्षं उपसला गेला. २०१६ मध्ये फोरक्लोजरच्या प्रमाणात न्यू जर्सी देशात पहिलं होतं, तेव्हा त्या आकड्यात कित्येक वर्षांपूर्वीच मोडलेले संसारही होते.

आणि नकाशातला गडद रंग? अटलांटिक सिटीत २०१४ या एका वर्षात चार कसिनो बंद पडले, हजारो नोकऱ्या गेल्या. तिथे घरांच्या किमती आधीच पडलेल्या. कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त असलं की विकूनही सुटका नाही, म्हणून प्रकरण लिलावापर्यंत जातं. मिडलसेक्स, सॉमरसेटमध्ये किमती चढ्या. इथला अडचणीतला माणूस लिलावाआधी घर विकून बाहेर पडतो आणि शेवटच्या पायरीच्या आकड्यात येतच नाही. फिकट रंगाखालीही रात्र रात्र जागणारी माणसं असतात. त्यातलंच एक माझ्यासमोर बसलं होतं.

"नकाशा ठेवा बाजूला," मी म्हटलं. "पिशवी उघडूया."

एकतीस पाकिटं निघाली, एकही फोडलेलं नाही. शिवाय पोस्टाने चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या: रजिस्टर पत्र आलं आहे, सही करून घेऊन जा. ती त्यांनी मुद्दाम आणली नव्हती. सही केली नाही तर नोटीस लागू होत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. हा समज इतक्या घरांत आहे की मला त्याची भीती वाटते. सही न केल्याने घड्याळ थांबत नाही. फक्त आपल्याला ते दिसेनासं होतं.

आम्ही पाकिटं फोडून तीन ढीग केले. पहिला सर्व्हिसरचा, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचा. त्यात पहिल्या दोन महिन्यांतच "तुमच्यासाठी पर्याय आहेत, संपर्क करा" अशी पत्रं होती. केंद्राच्या नियमाने हप्ता चुकल्यापासून ४५ दिवसांच्या आत असं पत्र पाठवावंच लागतं, आणि १२० दिवस उलटल्याशिवाय सहसा दावा लावता येत नाही. म्हणजे चार महिने त्यांच्याशी बोलायची दारं उघडी होती. हे वाचताना त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मी थांबले. या जागी दोष देणारी माणसं त्यांच्या डोक्यात आधीच पुष्कळ होती.

दुसरा ढीग कोर्टाचा, अगदी लहान. १५ मार्चला दाव्याचे कागद घरी हातात दिले होते. त्यांनी ते घेऊन तसेच पिशवीत टाकले. मी पेन्सिलने दोन तारखा लिहिल्या. दाव्याला उत्तर द्यायला ३५ दिवस, म्हणजे १९ एप्रिल. कोर्टाची मध्यस्थी मागायला ६० दिवस, म्हणजे १४ मे. "आज ६ तारीख. पहिल्या मुदतीला अजून १३ दिवस आहेत." त्यांनी ते आकडे दोनदा वाचले. खांदे जरासे खाली आले, हे मला दिसलं.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा आणि मला सगळ्यात नकोसा. "तुमचं घर रोख घेतो." "फोरक्लोजर थांबवतो, आजच फोन करा." दावा लागला की त्याची नोंद काउंटीच्या दप्तरात होते, ती कुणीही पाहू शकतो आणि असल्या पत्रांचा पाऊस पडतो. एकात सुरुवातीला अडीच हजार डॉलर मागितले होते, दुसऱ्यात घर "तात्पुरतं" आमच्या नावावर करा असं सुचवलं होतं. कर्जातून सोडवण्यासाठी आगाऊ पैसे घेणं केंद्राच्या नियमाने बंद आहे, आणि घराच्या खतावर सही करून दिली की घर गेलं, कर्ज मात्र आपल्याच नावावर. त्यांनी दुसऱ्या पत्रातल्या नंबरवर फोन करायचं जवळजवळ ठरवलं होतं. कारण तो माणूस गोड बोलत होता, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांच्याशी या विषयावर गोड बोललेला तो एकटाच.

"शेरीफ दाराशी येऊन सामान बाहेर टाकेल का?" हे त्यांनी उठता उठता विचारलं. नाही. अजून निकालच नव्हता. पुढे लिलाव ठरला असता तरी तो पुढे ढकलण्याची मागणी घरमालक दोनदा करू शकतो. लिलावानंतरही पूर्ण रक्कम भरून घर सोडवायला १० दिवस असतात आणि ताब्यासाठी कोर्टाचा वेगळा हुकूम लागतो. हे मी सगळ्यांना सांगते, पण त्या मुदतींच्या भरवशावर बसा असं सांगत नाही. थकबाकीवर व्याज आणि वकिलाचा खर्च चढत असतो.

पुढच्या भेटीला बायको सोबत हवी, ही माझी एकच अट होती. त्या पाडव्याच्या दिवशीच आल्या. घरी गुढी उभारून आल्या होत्या, पण चेहरा दगडासारखा. बराच वेळ त्या नवऱ्याकडे बघेनात. मग हिशेबाचा कागद माझ्या हातून घेऊन स्वतःच बेरजा करू लागल्या.

घर २०२२ च्या दिवाळीत घेतलेलं, नेमके व्याजदर चढले तेव्हा. पावणेसात टक्के. घरपट्टी आणि विमा धरून हप्ता ५,२०० डॉलर. नव्या नोकरीचा हातात येणारा पगार ७,६००. न्यू जर्सीची घरपट्टी देशातल्या सर्वांत जड पट्ट्यांपैकी आहे. २०२४ मध्ये घरामागची राज्याची सरासरीच १०,००० डॉलरच्या वर गेली, यांची तर १३,००० होती. कर्जाची फेरमांडणी करता येईल का, हे पाहिलं. पूर्वी अशा फेरमांडणीत व्याजदर खाली आणून हप्ता खूप कमी करता यायचा. पण बाजारातला दरच सात टक्क्यांच्या आसपास असताना खाली आणायचं काय? मुदत ४० वर्षांवर नेऊन, थकबाकी मुद्दलात घालून हप्ता जेमतेमच कमी होत होता.

"म्हणजे दीड वर्षाने परत हीच पिशवी," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं हे पहिलं वाक्य.

घर वाचवणं हेच माझं काम, असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घर ठेवून कुटुंब पिळून निघत असेल तर मी तसं बोलून दाखवते, पण निर्णय त्यांचा. त्यांनी दोन दिवस घेतले. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर: वास्तुशांतीला दीडशे माणसं जेवली होती, त्यांना काय सांगायचं. मी त्यांना तेरा हजारांच्या घरपट्टीतले किती डॉलर त्या दीडशे जणांनी भरले, असं काही विचारलं नाही. लाज हिशेबाने जात नाही. मी फक्त विचारलं की त्यातल्या किती जणांनी नोकरी गेल्यावर फोन केला होता. त्यांनी बोटांवर मोजलं. चौघं. "मग त्या चौघांना सांगा."

मोफत कायदेसल्ला देणाऱ्या वकिलांना कागद दाखवले. दाव्यात लढण्यासारखं काही नव्हतं. मुदतीत मध्यस्थीचा अर्ज गेला, त्याने वेळ मिळाला. मे महिन्यात घर विक्रीला लागलं, जुलैत व्यवहार झाला. कर्ज, थकबाकी, वकिलाचा खर्च, दलाली, हस्तांतर शुल्क सगळं वजा जाता पन्नास हजारांहून थोडे जास्त डॉलर हातात आले, म्हणजे सुरुवातीला भरलेल्यापैकी बरेचसे. दावा मागे घेतला गेला. हेच घर लिलावात गेलं असतं तर किंमत कमी आली असती, क्रेडिटवर डाग बसला असता तो वेगळा. त्याच शाळेच्या हद्दीत दोन खोल्यांचं अपार्टमेंट त्यांनी भाड्याने घेतलं.

एक काम उरलं होतं, ते मला त्यांनी नंतर सांगितलं. साताऱ्याला वडिलांना कळवायचं. मार्चमध्ये एकदा फोनवर त्यांच्या तोंडून "घराचं फोरक्लोजर" एवढं निघून गेलं होतं आणि वडील खूश झाले होते. आपल्याकडे कर्ज फोरक्लोज केलं म्हणजे मुदतीआधी फेडून टाकलं. बँकेच्या कागदांवर "फोरक्लोजर चार्जेस" असतात ते त्याचेच. वडिलांनी शेजारीपाजारी सांगितलं, पेढेही वाटले. आणि हा मुलगा चार महिने त्या पेढ्यांच्या ओझ्याखाली होता.

जुलैत घराची किल्ली दिल्यावर त्याने फोन करून सगळं सांगितलं. इथे त्या शब्दाचा अर्थ जप्ती असा आहे, हेही. वडील सहकारी बँकेत क्लार्क होते. जप्तीच्या नोटिसा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"लिलावाआधी विकलंस ना?"

"हो, बाबा."

"मग ठीक केलंस. पोरीची शाळा तीच आहे का?"